रायगड किनारपट्टीवरील मुस्लिम महिला आणि सूक्ष्मवित्त

सूक्ष्मवित्त म्हणजे तारण देऊ न शकणाऱ्या अल्प उत्पन्न गटातील व्यक्तींना लहान रकमेची बचत, कर्ज, विमा आणि पैसे पाठवण्याची सोय उपलब्ध करून देणारी वित्तव्यवस्था होय. महाराष्ट्रात महिला बचत गट हे तिचे सर्वाधिक प्रचलित रूप आहे. रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, उत्तरेस अलिबाग तालुक्यातील रेवस बंदरापासून दक्षिणेस बाणकोट खाडीपर्यंत, कोकणी मुस्लिम समाजाची जुनी वस्ती आहे. या समाजातील महिलांपर्यंत संस्थात्मक पतपुरवठा कसा पोहोचतो आणि त्यातून त्यांच्या हाती आर्थिक निर्णय येतात का, हा या विषयाचा मुख्य प्रश्न आहे. कर्ज महिलेच्या नावावर असणे आणि त्या पैशावर तिचे नियंत्रण असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे या क्षेत्रातील संशोधनातून वारंवार दिसून आले आहे.

पार्श्वभूमी

रेवस हे धरमतर खाडीच्या मुखाशी वसलेले बंदर असून खाडीपलीकडे उरण तालुक्यातील करंजा आहे. मुंबईच्या भाऊच्या धक्क्याशी रेवसचा जलमार्गाने जुना संबंध आहे. येथून दक्षिणेकडे रेवदंडा, मुरूड, म्हसळा आणि श्रीवर्धन या परिसरांत मुस्लिम मोहल्ले आढळतात. यांपैकी मुरूड, म्हसळा व श्रीवर्धन हा भाग १९४८ पर्यंत सिद्दी नवाबांच्या जंजिरा संस्थानात होता. कोकणी मुस्लिम समाजाची घरची बोली कोकणी वळणाची मराठी आहे. मात्र अनेक गावांतील मुलामुलींचे शिक्षण उर्दू माध्यमाच्या शाळांत होते. गावाचे सामाजिक व्यवहार बहुतांशी जमातीमार्फत चालतात.

या किनाऱ्यावरील अनेक कुटुंबांचे अर्थकारण स्थलांतरावर उभे राहिले. पुरुष पूर्वी मुंबईत आणि जहाजांवर खलाशी म्हणून काम करीत. १९७० च्या दशकापासून आखाती देशांत जाणाऱ्यांची संख्या वाढली. परिणामी घराचा दैनंदिन कारभार, मुलांचे शिक्षण आणि वृद्धांची देखभाल महिलांकडे आली. परदेशातून येणारा पैसा खर्च करण्याची जबाबदारी महिलेवर असली, तरी घर, जमीन वा बँकेतील ठेव तिच्या नावावर असेलच असे नाही. पतीची नोकरी गेल्यास, वैधव्य आल्यास किंवा तलाक झाल्यास हा फरक ठळकपणे जाणवतो.

इस्लामी कायद्यात स्त्रीच्या स्वतंत्र मालमत्तेला मान्यता आहे. महर हा पत्नीचा हक्क असतो, तिची कमाई तिचीच राहते आणि वारसा हक्कात तिला हिस्सा असतो. कुटुंबाच्या पालनपोषणाची जबाबदारी पतीवर टाकलेली आहे. प्रत्यक्षात मात्र अनेकदा महर नाममात्र ठरतो आणि वारशातील हिस्सा भावांकडेच राहतो. मुस्लिम वैयक्तिक कायदा (शरियत) लागू करणारा १९३७ चा अधिनियम मूळ स्वरूपात शेतजमिनीला लागू नाही. तारण म्हणून देता येईल अशी मालमत्ता बहुतांश महिलांकडे नसल्यामुळे विनातारण कर्जाला विशेष महत्त्व प्राप्त होते.

राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरील प्रयत्न

आधुनिक सूक्ष्मवित्ताचा उगम बहुधा बांगलादेशातील जोब्रा या गावी १९७६ मध्ये मुहम्मद युनूस यांनी सुरू केलेल्या प्रयोगात मानला जातो. या प्रयोगातून १९८३ मध्ये ग्रामीण बँक स्थापन झाली. युनूस आणि ग्रामीण बँक यांना २००६ चा नोबेल शांतता पुरस्कार मिळाला. मुस्लिमबहुल ग्रामीण समाजात महिला कर्जदारांना केंद्रस्थानी ठेवणारी ही व्यवस्था जगभर अभ्यासली गेली. भारतात त्यापूर्वीच, १९७४ मध्ये, अहमदाबाद येथे सेवा या संघटनेच्या पुढाकाराने महिलांची सहकारी बँक उभी राहिली होती. महाराष्ट्रात प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये मुंबईत स्थापन केलेले अन्नपूर्णा महिला मंडळ आणि १९९७ मध्ये सातारा जिल्ह्यातील म्हसवड येथे सुरू झालेली माणदेशी महिला सहकारी बँक ही या परंपरेतील महत्त्वाची उदाहरणे होत.

राष्ट्रीय कृषी व ग्रामीण विकास बँकेने (नाबार्ड) १९९२ मध्ये ५०० गटांचे उद्दिष्ट ठेवून बचत गट–बँक जोडणीचा प्रायोगिक प्रकल्प सुरू केला. नोंदणी नसलेल्या गटालाही बँकेत बचत खाते उघडता येऊ लागल्याने या चळवळीचा विस्तार झाला. महाराष्ट्रात २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झालेले महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम) बचत गटांच्या कार्यक्रमाची प्रमुख संस्था बनले. कृषी विकासासाठीच्या आंतरराष्ट्रीय निधीच्या साहाय्याने माविमने राज्यातील ३३ जिल्ह्यांत तेजस्विनी कार्यक्रम राबविला. २०११ पासून राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियान, अर्थात ‘उमेद’, ग्रामीण भागात गट, ग्रामसंघ आणि प्रभागसंघ यांची साखळी उभारत आहे.

मुस्लिम समाजाच्या पतपुरवठ्याचा प्रश्न न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालाने राष्ट्रीय चर्चेत आणला. १५ ते ६४ वयोगटातील भारतीय महिलांपैकी सुमारे ४४ टक्के महिला कामात सहभागी असताना मुस्लिम महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे २५ टक्के असल्याचे अहवालात नमूद आहे. काही बँका मुस्लिमबहुल वस्त्यांना कर्जासाठी नकारात्मक क्षेत्र मानतात, याकडेही समितीने लक्ष वेधले. अहवाल सादर झाला तेव्हा केंद्रीय अल्पसंख्याक कार्य मंत्रालयाची धुरा बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले यांच्याकडे होती. ते म्हसळा तालुक्यातील आंबेतचे. १९८० ते १९८२ या काळात महाराष्ट्राचे मुख्यमंत्री असताना त्यांनी निराधारांना, त्यांत विधवांनाही, मासिक साहाय्य देणारी संजय गांधी निराधार अनुदान योजना सुरू केली होती. त्यांच्याच काळात १९८१ मध्ये कुलाबा जिल्ह्याचे नाव रायगड झाले.

अल्पसंख्याकांसाठी कर्जपुरवठा करणारे राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळ १९९४ पासून कार्यरत आहे. त्याची सूक्ष्मवित्त योजना बचत गटांमार्फत चालते. राज्यात २००० मध्ये मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ स्थापन झाले. मात्र २००८ मध्ये केंद्राने विशेष विकास कार्यक्रमासाठी देशातील ९० अल्पसंख्याकबहुल जिल्हे निवडले, तेव्हा महाराष्ट्रातून परभणी, हिंगोली, वाशीम आणि बुलढाणा यांचा समावेश झाला. रायगड त्या यादीत नव्हता. त्यामुळे येथील मुस्लिम महिलांसाठी सर्वसाधारण बचत गट कार्यक्रम हाच संस्थात्मक वित्ताचा मुख्य मार्ग राहिला.

प्रकार आणि कामकाज

भिशी: ही बचतीची अनौपचारिक व जुनी पद्धत असून मुस्लिम मोहल्ल्यांत ती बीसी या नावानेही ओळखली जाते. बारा महिलांनी दरमहा प्रत्येकी १,००० रुपये काढल्यास दर महिन्याला एका महिलेला १२,००० रुपये मिळतात आणि वर्षभरात प्रत्येकीची पाळी येते. चिठ्ठी टाकून चालणाऱ्या भिशीत व्याज नसते. तिची अडचण अशी की गरज आणि पाळी यांचा मेळ बसेलच असे नाही. शिवाय तिची बँकेत नोंद होत नसल्याने महिलेची कर्जफेडीची पत सिद्ध होत नाही.

बचत गट: साधारणतः १० ते २० महिला एकत्र येऊन नियमित बचत करतात आणि त्याच निधीतून एकमेकींना कर्ज देतात. नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जव्यवहार, नियमित परतफेड आणि अचूक नोंदी ही गटाची पंचसूत्री मानली जाते. बारा सदस्यांनी दरमहा १०० रुपये जमा केल्यास वर्षाला १४,४०० रुपयांचा निधी होतो. या निधीतून एखादीने ५,००० रुपये दरमहा दोन टक्के व्याजाने घेऊन दहा समान हप्त्यांत मुद्दल फेडले, तर घटत्या शिलकीवर एकूण ५५० रुपये व्याज होते. हे व्याज सावकाराकडे न जाता गटाच्या निधीत जमा होते. गटाची कामगिरी समाधानकारक असल्यास बँक त्याला बचतीच्या पटीत कर्ज देते.

संयुक्त दायित्व गट: सूक्ष्मवित्त कंपन्या लहान गटांतील महिलांना कर्ज देतात आणि एकीचा हप्ता चुकल्यास इतरांनी तो भरावा अशी अपेक्षा असते. येथे सदस्यांची स्वतःची बचत आवश्यक नसते. कर्ज लवकर मिळते, परंतु व्याजदर बँकांपेक्षा बराच अधिक असतो आणि व्याज कंपनीकडे जाते.

गटाचे दप्तर सामान्यतः मराठीत ठेवले जाते. उर्दू माध्यमात शिकलेल्या महिलांना बोलीतील व्यवहार सहज जमतात, पण इतिवृत्त, रोजकीर्द आणि खातेवही लिहिताना अडचण येते. अशा वेळी हिशेब एखाद्या शिकलेल्या मुलीकडे किंवा घरातील पुरुषाकडे जातो. नोंदी ज्याच्या हातात, त्याच्या हातात गटाची सत्ता जाण्याचा धोका असल्याने मराठी लेखन व अंकज्ञान हा प्रशिक्षणाचा आवश्यक भाग ठरतो.

व्याजाचा प्रश्न

कुरआनात रिबा निषिद्ध मानला आहे. बँकेचे आधुनिक व्याज हे रिबाच होय, असे बहुसंख्य उलेमा मानतात. यामुळे काही मुस्लिम महिला किंवा त्यांची कुटुंबे बचत गटापासून दूर राहतात. काही ठिकाणी सदस्य बचत करतात, परंतु व्याजाचा वाटा स्वीकारत नाहीत. दुसरीकडे, गटातील व्याज सदस्यांच्याच सामाईक निधीत राहते, त्यामुळे ते शोषण नव्हे, असाही युक्तिवाद केला जातो. याच कुरआनात, सूरह अल-बकराच्या २८२ व्या आयतीत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आणि त्याला साक्षीदार घेण्याचा आदेश आहे. गटाच्या लेखी हिशेबाच्या समर्थनार्थ या आदेशाचा आधार घेता येतो.

बिनव्याजी वित्ताची प्रमुख रूपे पुढीलप्रमाणे आहेत. कर्ज-ए-हसना म्हणजे केवळ मुद्दल परत घेणारे कर्ज. मुराबहा व्यवहारात संस्था वस्तू विकत घेते आणि नफा उघड करून ती हप्त्याने विकते. मुदारबामध्ये एकाचे भांडवल आणि दुसऱ्याचे श्रम असून नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. पाकिस्तानातील लाहोर येथे २००१ मध्ये सुरू झालेली अखुवत ही संस्था बिनव्याजी लघुकर्जांसाठी ओळखली जाते. भारतात उत्तर प्रदेशातील मुस्लिम फंड, १९७० च्या दशकात मुंबईत स्थापन झालेली बैत-उन-नस्र ही पतसंस्था आणि दिल्लीतील सहुलत मायक्रोफायनान्स सोसायटीने प्रोत्साहन दिलेल्या सहकारी पतसंस्था ही अशा प्रयत्नांची उदाहरणे आहेत. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथे लोकमंगल सहकारी बँकेने २०१६ मध्ये बिनव्याजी कर्जाचा उपक्रम सुरू केला होता.

रघुराम राजन यांच्या अध्यक्षतेखालील वित्तीय क्षेत्र सुधारणा समितीने २००८ मध्ये व्याजविरहित बँकिंगचा विचार करण्याची शिफारस केली होती. तथापि रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे न नेण्याचे ठरविल्याचे २०१७ मध्ये स्पष्ट झाले. त्यामुळे असे व्यवहार प्रामुख्याने सहकारी पतसंस्था आणि धर्मादाय निधी यांच्यापुरते मर्यादित आहेत. बिनव्याजी संस्थेलाही कर्मचारी, जागा व बुडीत कर्जाचा खर्च असतो. हा खर्च सेवाशुल्क किंवा देणगीतून भागवावा लागतो, म्हणून अशा संस्थांचा विस्तार संथ गतीने होतो.

उपजीविका आणि बाजारपेठ

किनारपट्टीवरील महिलांसाठी घरबसल्या करता येणारे व्यवसाय सर्वाधिक सोयीचे ठरतात. शिवणकाम, बुरखे व पोशाख शिवणे, मेंदी, मसाले, लोणची, पापड, आंबापोळी, कोकम सरबत, तांदळाच्या पिठाचे पदार्थ आणि सांदण यांचा त्यांत समावेश होतो. शेळीपालनाला बकरी ईदच्या हंगामात निश्चित मागणी असते. शेळी मोठी होईपर्यंत उत्पन्न नसते, म्हणून साप्ताहिक हप्त्याचे कर्ज या व्यवसायाला मानवत नाही. हप्त्यांची रचना व्यवसायाच्या उत्पन्नचक्राशी जुळणे ही सूक्ष्मवित्ताच्या यशाची प्राथमिक अट आहे. मासळीचे व्यवहार पावसाळ्यातील मासेमारी बंदीच्या काळात थंडावतात, त्यामुळे तेथेही हाच नियम लागू पडतो.

रेवस, मांडवा, किहीम, काशीद, मुरूड आणि श्रीवर्धन या पट्ट्यात पर्यटनामुळे घरगुती खाद्यपदार्थांना मागणी आहे. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा अशी रो-रो बोटसेवा सुरू झाल्यानंतर अलिबाग तालुक्यात मुंबईहून वाहने घेऊन येणे सुलभ झाले. मात्र ही मागणी गाठण्यासाठी अन्न परवाना, वेष्टन, वाहतूक आणि दर ठरविण्याचे कौशल्य आवश्यक असते. विक्रीसाठी बाजारात जाणे पुरुषाकडे राहिल्यास उत्पादन महिलेचे आणि रोख रक्कम दुसऱ्याच्या हाती, अशी स्थिती निर्माण होते.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड किनाऱ्यावर धडकले. श्रीवर्धन व मुरूड भागातील नारळ–सुपारीच्या बागांचे मोठे नुकसान झाले. हा काळ करोनाच्या टाळेबंदीचाही होता. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळासाठी कर्जहप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली, परंतु थकीत रकमेवर व्याज चालू राहिले. सुपारीची नवी बाग उत्पन्न देऊ लागण्यास अनेक वर्षे लागतात. त्यामुळे कर्जासोबत विमा आणि आपत्कालीन बचत यांची गरज या घटनेने अधोरेखित केली.

सक्षमीकरणाचे मूल्यमापन

अर्थशास्त्रज्ञ नायला कबीर यांनी १९९९ मध्ये सक्षमीकरणाची मांडणी संसाधने, निर्णयक्षमता आणि त्यांतून साध्य होणारी फळे या तीन अंगांनी केली. या मांडणीनुसार कर्ज हे केवळ संसाधन ठरते. ते कशासाठी वापरायचे हे महिला स्वतः ठरवू शकते का, हा पुढचा प्रश्न असतो.

ॲन मारी गोएट्झ आणि रीना सेन गुप्ता यांच्या १९९६ च्या बांगलादेशातील अभ्यासात महिलांच्या नावावरील अनेक कर्जांचा वापर प्रत्यक्षात पुरुष नातेवाइकांच्या नियंत्रणाखाली असल्याचे आढळले. अभिजीत बॅनर्जी, एस्थर डफ्लो, रेचेल ग्लेनर्स्टर आणि सिंथिया किनन यांनी हैदराबादमधील १०४ वस्त्यांत केलेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही कुटुंबांची व्यवसायातील गुंतवणूक वाढल्याचे दिसले, परंतु महिलांच्या निर्णयाधिकारात लक्षणीय बदल आढळला नाही. एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे यांनी अहमदाबादमधील सेवा बँकेच्या ग्राहकांना दिलेल्या व्यवसाय प्रशिक्षणाचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध केला. त्यात सामाजिक बंधने जाणवणाऱ्या उच्चवर्णीय हिंदू महिलांना प्रशिक्षणाचा लाभ झाला, मात्र सर्वाधिक बंधने असलेल्या मुस्लिम महिलांच्या बाबतीत तसा परिणाम दिसला नाही. घराबाहेर पडण्याची मुभा नसेल, तर केवळ ज्ञान व भांडवल पुरेसे ठरत नाही, असा याचा अर्थ लावला जातो.

याउलट, बचत गटाचे काही लाभ उत्पन्नाच्या आकड्यांत दिसत नाहीत. दरमहा घराबाहेर बैठकीला जाणे, बँकेच्या अधिकाऱ्याशी स्वतः बोलणे, स्वाक्षरी करणे आणि अडचणीच्या वेळी सावकाराकडे दागिने गहाण न टाकता पैसे उभे करणे हे बदल महत्त्वाचे मानले जातात. शाहबानो खटला (१९८५) आणि तोंडी तलाक अवैध ठरविणारा २०१७ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय यांमुळे मुस्लिम महिलांच्या पोटगी व विवाहविषयक हक्कांची चर्चा झाली. न्यायालयीन हक्क मिळवण्याच्या काळात तग धरण्यासाठी महिलेचे स्वतःचे खाते आणि बचत उपयोगी पडते. महाराष्ट्रात हमीद दलवाई यांनी १९७० मध्ये स्थापन केलेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळापासून २००७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय मुस्लिम महिला आंदोलनापर्यंत अनेक संघटनांनी कायदेशीर हक्कांची बाजू मांडली. आर्थिक स्वावलंबन ही त्या हक्कांची पूरक बाजू आहे.

टीका आणि नियमन

सूक्ष्मवित्तावरील प्रमुख आक्षेप एकाच वेळी अनेक कर्जे, चढे व्याज आणि वसुलीची सक्ती यांच्याशी निगडित आहेत. समूहदायित्वामुळे हप्ता चुकविणाऱ्या महिलेवर शेजारणींचाच दबाव येतो. लहान गावात, जेथे सर्व सदस्य एकाच मोहल्ल्यातील व नात्यातील असतात, तेथे हा दबाव अब्रूच्या भीतीत बदलू शकतो. एका कंपनीचा हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून कर्ज घेतल्यास कर्जाचे चक्र सुरू होते. आंध्र प्रदेशात २०१० मध्ये उद्भवलेल्या संकटानंतर मालेगाम समितीच्या शिफारशींनुसार सूक्ष्मवित्त कंपन्यांसाठी स्वतंत्र नियामक चौकट तयार झाली.

रिझर्व्ह बँकेच्या १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेल्या निर्देशांनुसार वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला दिलेले विनातारण कर्ज सूक्ष्मवित्त कर्ज मानले जाते. कुटुंबाच्या सर्व कर्जांचे मासिक हप्ते मासिक उत्पन्नाच्या ५० टक्क्यांहून अधिक असू नयेत, असे बंधन आहे. मुदतीपूर्वी परतफेड केल्यास दंड आकारता येत नाही. कर्जाच्या अटी कर्जदाराला समजेल अशा भाषेत द्याव्या लागतात आणि वसुलीसाठी धमकी वा अपमान करण्यास मनाई आहे. या तरतुदींचा लाभ होण्यासाठी कर्जदार महिलेला त्यांची माहिती असणे आवश्यक आहे.

२०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेमुळे आणि २०२४ मध्ये राज्य शासनाने सुरू केलेल्या, दरमहा १,५०० रुपये थेट खात्यात जमा करणाऱ्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेमुळे महिलांच्या नावावरील बँक खात्यांचा वापर वाढला. अशा खात्याचे पासबुक, त्याच्याशी जोडलेला भ्रमणध्वनी क्रमांक आणि एटीएम कार्ड महिलेच्या स्वतःच्या ताब्यात असणे, हा तिच्या आर्थिक स्वायत्ततेचा साधा पण विश्वासार्ह निकष ठरतो.